नंबर चौदा

गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यापलीकडं,
डॉक्टर बिद्रेंचा दवाखाना.
आणि डॉक्टरांच्या आधी, दारात, इलाही मणेर:
कंपाउंडर, चौतीस वर्षं.
बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवायचा काळ सरला,
हात तेवढा तसाच राहिला, मोजून हलणारा.
पितळी बिल्ला देण्याआधी ते माणूस बघायचे.
बघायचे म्हणजे बघायचेच.

"खोकला व्हय? बसा.
पण बोलताना वाक्य मधीच तुटालंय?
मग बिल्ला नको. रिक्षा बघा, सीपीआर."
"रक्त गळतंय तर हितं.
दाबून धरूनबी थांबंना, तर तिकडं."
"मालकाला म्हणावं, हसून दाखवा.
अर्धंच हसले, तर चप्पल शोधत बसू नका."
"ताप नुसत्या आकड्यात बघू नका, वैनी.
हाक मारल्यावर पोरगं ओ देतंय का, ते बघा."

हे शेवटचं मला सुनावलेलं.
मागच्या वर्षी रणवीरला शंभर ताप,
आणि मी रात्री दोनला सीपीआरच्या अपघात विभागात,
पोरगं नवऱ्याच्या जर्किनात गुंडाळून.
शेजारच्या स्ट्रेचरवर गुऱ्हाळावरचा एकजण,
हात टॉवेलात,
टॉवेलाचा मूळ रंग कुठला, कळत नव्हतं.
त्याची बायको माझ्याकडं बघत नव्हती,
माझ्या पुढ्यात उभ्या डॉक्टरीणबाईकडं बघत होती.
"पाणी पाजा, सकाळी दाखवा जवळच कुठंतरी," बाई म्हणाल्या.
रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर परवाची सकाळ.
मार्गशीर्षातली, स्वेटरची.
रणवीरचा कान दुखत होता, बिल्ला तेरा.
डॉक्टर यायला अजून पाऊण तास.
चौदा नंबर कुणाला दिलाय, मी बघितलंच नाही,
शेजारी बाकावर येऊन बसेपर्यंत.
इलाहीचाचा.
स्वतःच बिल्ला घेऊन स्वतःच्याच रांगेत.

"काय झालं?"
"काय न्हाई. रात्री पांढरा रस्सा जास्त झाला.
पित्त हाय."
एक हात जबड्यावर, दाढ दुखल्यासारखा.
कानशिलावरून घाम, गळ्यातल्या मफलरपर्यंत.
बाहेर म्हशींच्या नाकातून वाफ निघत होती
आणि हा माणूस भिजलेला.
"डॉक्टर आले की दाखवतो," म्हणाले,
म्हणजे म्हणायला लागले;
"आले की" नंतर थांबले,
श्वास घेतला,
मग "दाखवतो".

वाक्य मधीच तुटलं होतं.

मी काही शिकलेली नाही त्यातलं.
बारावी, आणि शिवणकाम.
पण चौतीस वर्षं जो दुसऱ्यांना उठवतो
त्याला उठवायला कोण असतं दारात?
"उठा," म्हटलं, आणि लगेच, "नको, उठू नका. चालूही नका.
हा नंबर तुमचा न्हाई, चाचा."
मेडिकलमधल्या पोराला ओरडले, एकशेआठ लाव.
चाचा लाजले. खरंच लाजले,
भर दवाखान्यात कुणी पदर ओढावा तसे.
"उगं कशाला, वैनी, पित्तासाठी..."
"पित्त असलं तर हसू या. संध्याकाळी. तुमच्या घरात."

गाडी आली, पापाच्या तिकटीकडं वळली.
आवाज बराच वेळ पेठेत रेंगाळला.

रणवीर म्हणाला, आई, आपण पण जायचं?
नाही. कान हे बाकाचं दुखणं.
आपण बसायचं.

दहाला डॉक्टर आले. कानातून
हरभऱ्याची अर्धी डाळ निघाली.
बाहेर दाराशी कुणीच नव्हतं, म्हणून
डॉक्टरांनीच आतून हाक मारली: "चौदा?"
पंधरा नंबरच्या म्हातारीनं माझ्याकडं बघितलं.
मी सांगितलं.
डॉक्टर स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून
फोन शोधायला लागले, सगळ्या खिशांतून,
आणि फोन हातातच होता.

बिल्ला चाचांच्या मुठीतच राहिलाय.
परत येईल तेव्हा येईल.
तोवर तेरानंतर पंधरा.